जपलेलं इंजिन

प्लग काळा पडला की आपल्याकडे पहिला संशय पेट्रोलवर जातो. त्यानंतर पंपवाल्यावर, मग मेकॅनिकवर, आणि कोणीच हाती लागलं नाही तर नशिबावर. मालकावर संशय घ्यायची रीत नाही. मेकॅनिकला खरं काय ते एका नजरेत कळलेलं असतं, पण गिऱ्हाईक दुखवायची त्याची तयारी नसते. तो प्लग उजेडात धरतो, "हूं" म्हणतो आणि पॉलिश पेपरचा तुकडा शोधायला लागतो.

त्या "हूं"मध्ये काय काय असतं याचं मला लहानपणापासून कुतूहल. आमचं गाव आदिलाबाद जिल्ह्याच्या उत्तर अंगाला, जैनथकडचं. पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा आमच्याच जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा नदीपलीकडच्या राज्यात गेले, आम्ही आंध्रात राहिलो आणि २०१४ पासून तेलंगणात आहोत. पाट्या बदलल्या, काळी जमीन आणि कापूस तोच राहिला. म्हणून आमच्याकडच्या यंत्रांची कुळकथाही कापसाभोवतीच फिरते. नदीचं पाणी उचलणारी केरोसीनची इंजिनं, पाठीवर बांधायचे फवारणीचे पंप, शेतातून आदिलाबादच्या मार्केट यार्डाकडे आणि तिथून घराकडे फिरणाऱ्या लूना नि राजदूत. प्रत्येकाच्या डोक्यात एक प्लग, आणि तो सदा काळा.

वस्तू एवढीशी. वर पांढरी गुळगुळीत मान, मधे षट्कोनी पोलादी कंबर, खाली बहुतेकदा १४ मिलिमीटरचे आटे, आणि टोकाशी अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत सगळा खेळ. मधोमध एक बारीक धातूची कांडी, तिच्यावर आकडीसारखा वाकलेला दुसरा तुकडा, आणि दोघांत ०.६ ते ०.७ मिलिमीटरची फट. दहा-वीस हजार व्होल्टचा करंट त्या फटीवरून उडी मारतो तेव्हा ठिणगी पडते. जर्मनीत बॉश कंपनीच्या गॉटलोब होनोल्डने १९०२ साली जास्त दाबाचा मॅग्नेटो आणि त्याच्या जोडीचा प्लग तयार केला. तेव्हापासून मूळ कल्पना फारशी बदललेली नाही. त्याच बॉशची भारतातली कंपनी मायको १९५१ साली निघाली, आणि आमच्याकडे कित्येक वर्षं स्पेअर पार्टच्या दुकानात माणसं प्लग मागतच नसत, "मायको द्या" म्हणत.

करंट मोठा चतुर. त्याला सोपी वाट दिसली की तो अवघड वाटेने जात नाही. फट ओलांडून उडी मारणं ही अवघड वाट. मधल्या कांडीभोवती जे चिनी मातीसारखं नाक असतं त्यावर काजळी साचली की सोपी वाट तयार होते, कारण काजळी म्हणजे कार्बन आणि कार्बनमधून वीज वाहते. मग करंट त्या काळ्या थरावरून सरपटत पोलादी अंगात उतरतो आणि फटीपाशी काहीच घडत नाही. मेकॅनिक म्हणतो, "प्लग शॉर्ट झाला." वायर चांगली, कॉईल चांगली, पेट्रोल चांगलं, आणि तरीही किक मारून मारून पिंढरी भरून येते.

काळेपणातही जाती आहेत. बोट लावलं की भुकटी निघेल अशी कोरडी, मखमली काजळी असेल तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी. चोक अडकलाय किंवा एअर फिल्टर कापसाच्या धुळीने बंद झालाय. चकचकीत, ओला, बोटाला चिकटणारा काळेपणा असेल तर तो तेलाचा. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलात तेल जास्त पडलंय, फोर-स्ट्रोकमध्ये पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. नुसता ओला असेल आणि नाकाशी धरल्यावर पेट्रोलचा भपकारा येत असेल तर ठिणगीच पडलेली नाही. आणि दुधाळ चहाच्या रंगाचा, कोरडा प्लग दिसला तर काहीही न करता परत बसवायचा. पॉलिश पेपर मारला की हा सगळा मजकूर पुसला जातो. गाडी सुरू होते, मालक खूश होतो, आणि महिनाभराने तोच प्लग, तीच किक, तोच पॉलिश पेपर.

आमच्या घरची लूना हे याचं ठळक उदाहरण. फिरोदियांच्या कायनेटिकने १९७२ साली बाजारात आणलेली ही गाडी बाबांनी जुनी विकत घेतली होती, आणि ती त्यांनी जितकी जपली तितकी आम्हा भावंडांपैकी कोणालाच जपली नाही. कंपनीने सांगितलेल्या मापापेक्षा ते पेट्रोलात एक झाकण तेल जास्त घालत. "आतून कोरडं पडायला नको," हे त्यांचं म्हणणं. एक्सिलेटर पाव हिस्साच पिळत, म्हणजे इंजिनला त्रास नको आणि पेट्रोलही वाचेल. उतार आला की इंजिन मंद करून सोडत. बाजूने सायकलवाला पुढे निघून गेला तरी त्यांची तक्रार नसे. एवढं करूनही, खरं तर एवढं केल्यामुळेच, ती लूना गावात सगळ्यांत जास्त धूर सोडायची आणि सगळ्यांत जास्त वेळा रस्त्यात उभी राहायची. नळकांड्यात इतकी काजळी साचायची की दिवाळीनंतर, शेत मोकळं होऊ लागलं की, सायलेन्सर काढून पऱ्हाट्यांच्या जाळात टाकावा लागे. आधी काळा धूर, मग आतून निळसर पिवळ्या ज्वाळा, मग लाल झालेला पत्रा. थंड झाल्यावर दगडावर आपटला की मूठमूठ काळी खपली बाहेर पडायची. त्यानंतर आठ-दहा दिवस लूना अशी पळायची की बाबांनाच तिची भीती वाटे, आणि ते एक्सिलेटर आणखी कमी पिळत.

त्या आगीत सगळं उत्तर होतं. प्लगची काजळी साफ करणारा कोणी बाहेरचा नसतो, ती प्लगने स्वतःच जाळायची असते. त्याच्या टोकाचं तापमान साधारण ४५० ते ५०० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की कार्बन तिथे टिकत नाही, जळून जातो. इंजिन त्याच्या ताकदीप्रमाणे राबलं की ही उष्णता आपोआप येते. अर्ध्यामुर्ध्या रेसवर, थांबत थांबत, गल्लीतल्या गल्लीत फिरणाऱ्या गाडीचा प्लग त्या तापमानाला पोचतच नाही. तो कोमट राहतो आणि कोमट प्लगवर जे बसतं ते बसूनच राहतं. वर तेल जास्त. ते पुरतं जळत नाही, आणि गंमत अशी की टाकीत जितकं तेल वाढलं तितकं पेट्रोल कमी झालं. म्हणजे वंगण वाढवायला जाऊन माणूस इंजिनच्या तोंडचा घास काढून घेतो.

नदीकाठच्या केरोसीनच्या इंजिनांनी हाच धडा दुसऱ्या बाजूने शिकवला. ही इंजिनं सुरू करायची पेट्रोलवर. ती चांगली तापली की कॉक फिरवून केरोसीनवर घ्यायची, कारण थंड इंजिनात केरोसीनची नीट वाफच होत नाही. आणि बंद करण्यापूर्वी परत पेट्रोलवर आणून कार्बोरेटरमध्ये उरलेलं केरोसीन जाळून टाकायचं. केरळच्या किनाऱ्यावर केरोसीनच्या मोटरी लावून मासेमारीला जाणारे नावाडीही याच शिस्तीने चालतात. आमच्याकडे शेवटची पायरी सगळे गाळत. पाणी देऊन झालंय, अंधार पडलाय, आता आणखी पेट्रोल कशाला जाळायचं? कॉक तसाच ठेवून इंजिन बंद. सकाळी प्लग केरोसीनने ओला, दोरी ओढून ओढून खांदे दुखले, आणि रेशनच्या निळ्या रॉकेलला शिव्या. वाटीभर पेट्रोल वाचलेलं असे आणि अर्धी सकाळ गेलेली असे. हिशेब कोणी मांडत नसे, कारण वाचलेलं पेट्रोल बाटलीत दिसतं आणि गेलेली सकाळ दिसत नाही.

एका पावसाळ्यात बोटीच्या इंजिनाशी गाठ पडली तेव्हा हे सगळं एका जागी आलं.

पैनगंगेचा पूर आमच्याकडे एकदम येत नाही, पसरत येतो. नाल्यांचं पाणी नदी घेईनाशी होते, ते मागे फिरतं आणि कपाशीच्या तासांतून वर चढतं. मग कुठून तरी गावात बातमी येते की शिवारातल्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, माणसं अडकलीत. त्या दिवशी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून एक रबरी बोट आणली गेली. कोणत्या खात्याची ते सांगण्यात मतलब नाही. बोटीबरोबर मागे लावायचं इंजिन होतं, दोन सिलिंडरचं, टू-स्ट्रोक. त्याच्यावरून ताडपत्री काढली, आतलं प्लास्टिक काढलं, त्याच्या आतला कपडा काढला आणि आम्ही बघत राहिलो. इंजिनावर ओरखडा नव्हता. जणू कालच दुकानातून आलं होतं. चार तरण्या पोरांनी आळीपाळीने दोरी ओढली. पेट्रोलचा वास सुटला, एकदा "फट्" झालं, आणि पुढे काही नाही.

आदिलाबादहून एक मेकॅनिक मोटरसायकलवर आला. मराठी शाळेतला माझा जुना विद्यार्थी. त्याने बोटीचं इंजिन फारसं हाताळलेलं नव्हतं, पण टू-स्ट्रोक म्हणजे त्याचं माहेर. दोरीला हात लावण्याआधी त्याने बघितली लाल सुटी वायर. नावाडी पाण्यात पडला तर इंजिन बंद व्हावं म्हणून तिच्या टोकाला क्लिप असते. ती जागेवर नसेल तर ठिणगीच पडत नाही, आणि माणसं प्लगवर आळ घेत बसतात. क्लिप जागेवर होती. मग टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू. तो बंद असला तर पेट्रोल येता येता थांबतं. तोही उघडा होता. मग पेट्रोल त्याने पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ओतलं आणि बाटली आकाशाकडे धरली. वर हिरवट निळी झाक आणि तळाला बोटभर वेगळा थर.

"गुरुजी, हे गेल्या सालचं हाये," तो म्हणाला.

आता आपल्या पेट्रोलात इथेनॉल असतं. २०२२ मध्ये १० टक्क्यांचा टप्पा झाला आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांचा. इथेनॉलला पाण्याची ओढ फार. रोज चालणाऱ्या गाडीत त्याचं काही वाटत नाही, कारण टाकी भरते आणि रिकामी होते. पण दमट गोदामात वर्षभर बसलेल्या टाकीत ते हवेतलं पाणी ओढत राहतं, आणि एका हद्दीपलीकडे पाणी नि इथेनॉल मिळून तळाला जाऊन बसतात. इंजिनाची नळी तळातूनच पेट्रोल ओढते.

मग त्याने प्लग काढले. दोन्ही काळे. खालच्यावर तर तेलाचा चिकट, ओला लेप, आणि फटीत काजळीचा एक केस आडवा अडकलेला. त्याने तो मला दाखवला. केसाएवढा कार्बन, आणि त्यापायी एवढी बोट काठावर. बोटीबरोबर आलेल्या माणसाला त्याने विचारलं, तेल किती टाकलं? तो अभिमानाने म्हणाला की जास्तच टाकलंय, इंजिन वर्षभर बंद राहणार म्हणून. आणि मधे चालू करून बघितलं होतं का? बघितलं होतं ना, दर काही दिवसांनी, दोन मिनिटं, अगदी हळू. तपासणीच्या वहीत सह्या आहेत.

मी समजलो. दोन मिनिटं हळू चालवून बंद केलेलं इंजिन सुरू होतं तेव्हा चोकवर असतं, म्हणजे भरपूर पेट्रोल, भरपूर तेल, आणि तापायच्या आत बंद. दर खेपेला काजळीचा एक थर. जितक्या सह्या तितके थर. पेटीत जपलेली पैठणी घडीवरच विरते, तसं ते इंजिन तपासणीतच मेलं होतं.

पुढचं काम पाहण्यासारखं होतं. जुनं पेट्रोल काढलं, नवं मोजून तेलासकट भरलं. प्लग फडक्याने पुसले, पत्र्याच्या आडोशाला लायटरवर टोकं तापवून कोरडी केली, फटीतला केस पातळ पट्टीने काढला. पॉलिश पेपर जपून मारला, कारण पेपरची कणी आत राहिली तर सिलिंडरला चरे पडतात. प्लग काढलेल्या इंजिनाची दोरी बरेचदा ओढली, तशी भोकांतून पेट्रोलचे फवारे उडाले. आत तुंबलेलं सगळं बाहेर आलं. ते वाळू दिलं. मग प्लग टोपीत घालून इंजिनाच्या अंगाला टेकवला, भोकापासून लांब, आणि मला म्हणाला, "सावली करा." मी छत्री आडवी धरली. पोराने दोरी ओढली. सावलीत निळी ठिणगी चटकन् दिसली. पिवळसर, अशक्त असती तर गोष्ट वेगळी होती. प्लग बसवले, चोक न लावता, रेस अर्धी उघडून तिसऱ्या-चौथ्या ओढीला इंजिन बोललं. धुराचा ढग एवढा की समोरची बोट दिसेना.

नावाडी सवयीने रेस कमी करायला गेला. मेकॅनिक ओरडला, "कमी नको करू! तापू दे त्याले!" मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "जपू जपू मारतेत जी हे लोक इंजिनले."

पुराच्या पाण्यात बोट हळूच न्यावी लागते. खाली शेताच्या कुंपणाच्या तारा असतात, बाभळीचे शेंडे असतात, वाहून आलेली लाकडं असतात. म्हणजे इंजिन पुन्हा मंद, प्लग पुन्हा कोमट. म्हणून त्याने नावाड्याला शिकवलं की मोकळं पाणी दिसलं की थोडा वेळ रेस पूर्ण द्यायची, आवाज मोकळा झाला की परत हळू. प्रवाहाच्या मध्यावर अचानक रेस दिली आणि इंजिन गुदमरलं, तर तिथे प्लग काढायला कोणी येणार नाही. संध्याकाळपर्यंत आखाड्यावरची माणसं आली. बरोबर एक शेळीही आली.

याचा अर्थ यंत्र दामटत सुटावं असा नाही. प्लगला वरचीही हद्द आहे. टोकाचं तापमान ८५० अंशांच्या आसपास गेलं की ते निखाऱ्यासारखं लाल होतं, ठिणगीची वाट न पाहता आधीच पेट्रोल पेटवतं आणि पिस्टनला भोक पाडू शकतं. असा प्लग काढला तर पांढराफटक दिसतो, कधी कधी कडेला वितळलेल्या धातूचे बारीक मणी. म्हणून कंपन्या थंड नि गरम असे वेगवेगळे प्लग करतात. नाक लांब तर उष्णता हळू निघते, प्लग गरम राहतो. नाक आखूड तर लवकर थंड होतो. काही मेकॅनिक सततच्या काजळीला कंटाळून गरम नंबरचा प्लग ठोकून देतात. एनजीकेच्या मापात नंबर वाढला की प्लग थंड, बॉशच्या आताच्या मापात नंबर वाढला की गरम. हे उलटसुलट माहीत नसलं तर औषधाऐवजी विष दिल्यासारखं होतं. आणि नंबर बरोबर असला तरी रोग तिथल्या तिथेच राहतो. हवा कमीच, तेल जास्तच, फक्त तक्रार गप्प.

मला या एवढ्याशा वस्तूबद्दल जिव्हाळा वाटतो तो या दोन हद्दींमुळे. खाली साडेचारशे, वर साडेआठशे. या दोहोंमध्ये राबणारं इंजिन स्वतःला स्वच्छ ठेवतं. आमच्या पिढीने, विशेषतः आमच्या वडलांच्या पिढीने, वरच्या हद्दीची भीती फार बाळगली. जास्त तापेल, जास्त झिजेल, जास्त खर्च होईल. गरिबीने शिकवलेली सावधगिरी होती ती, तिला हसण्यात अर्थ नाही. एक गाडी मोडली तर दुसरी येणार नव्हती. पण खालच्या हद्दीची भीती त्यांना कोणी शिकवली नाही. कमी वापराने, कमी उष्णतेने, वाजवीपेक्षा जास्त वंगणानेही वस्तू मरते, आणि ते मरण दिसायला फार सभ्य असतं. वरून ओरखडाही नसतो.

आता हे सगळं मागे पडत चाललंय. १९८५ नंतर फोर-स्ट्रोक मोटरसायकली वाढल्या तसं पेट्रोलात तेल मिसळणं संपत गेलं. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर बिनशिशाचं पेट्रोल आलं, त्यामुळे शिशाचा राखाडी थरही गेला. फवारणीचे पंप बॅटरीवर गेले, नदीवरच्या मोटरी विजेवर. नव्या मेकॅनिक पोरांना काळा प्लग क्वचित बघायला मिळतो आणि मिळाला तर ते सरळ नवा टाकतात. स्वस्त पडतं. जुन्याने काय सांगितलं असतं ते विचारायची सवड कोणाला आहे?

बोटीचं ते इंजिन मात्र अजून टू-स्ट्रोक आहे आणि अजून त्याच गोदामात आहे. माझ्या विद्यार्थ्याने पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं: महिन्यातून एकदा पाण्याच्या ड्रममध्ये बुडवून पंधरा मिनिटं, गिअर टाकून, चांगलं तापेपर्यंत चालवणे. बंद करताना पेट्रोलची नळी काढून कार्बोरेटर रिकामा होऊ देणे. तेल मापानेच. पेट्रोल दर खेपेला ताजं. पुठ्ठा भिंतीवर लागला. पहिल्या महिन्यात कारकुनाने त्याला फोन करून विचारलं की इंजिन चाललं, पेट्रोल संपलं, पण बोट तर कुठेच गेली नाही, मग हा खर्च वहीत कशाखाली दाखवायचा?

"लिहा ना साहेब," तो म्हणाला, "इंजिन तापवलं म्हणून लिहा."

तसा रकाना त्यांच्या वहीत नाही, असं उत्तर आलं. मग दोघांनी मिळून तो खर्च साफसफाईत टाकला, आणि माझ्या मते पहिल्यांदाच तो बरोबर जागी पडला.